रांगोळी, भरती आणि फरकांचा तक्ता : नववीच्या गटाच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, आज गट पहिल्यांदा नीट बसला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गणित म्हटलं की थर्माकोलचा पायथागोरस ठरलेला. यंदा तो नाही, एवढं मी आधीच सांगून टाकलं. विषय घेतलाय संख्यांच्या मालिका आणि त्यांच्यामागचा नियम. दहावीला क्रमिका, अंकगणिती श्रेढी सगळं येतंच, पण तिथे सूत्र आयतं हातात पडतं आणि मुलं त्यात आकडे भरत बसतात. नववीतच एखाददुसरं सूत्र स्वतः खणून काढलं तर पुढच्या वर्षी ते प्रकरण शिकवताना माझा घसा कमी बसेल, असा त्यात माझाही स्वार्थ आहे.

सुरुवात खेळाने केली. एकाने मनात नियम धरायचा, बाकीच्यांनी संख्या द्यायची, त्याने उत्तर फळ्यावर लिहायचं. मुलांनी या खेळाला ‘गिरण’ नाव ठेवलं. वरून दळण टाका, खालून पीठ घ्या, आत जातं कसं फिरतं ते ओळखा. पहिला डाव सोपा होता : १ टाकला ४ आले, २ टाकले ७, ३ टाकले १०. “तीन तीन वाढतंय बाई!” असा एकच गलका. बरोबर आहे. मग म्हटलं, १०० टाकले तर? एकाने खरोखर १३, १६, १९ लिहायला घेतलं. दोघी खिडकीबाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या डावात मी संख्या मुद्दाम अस्ताव्यस्त टाकल्या. ७ ला २२. मग २० ला ६१. मग २ ला ७. आता ‘मागच्यात किती मिळवले’ हे विचारायची सोयच नाही, कारण मागचं पद समोर नाही. त्यामुळे नजर खाली न जाता आडवी गेली : सात त्रिक एकवीस, वर एक. वीस त्रिक साठ, वर एक. शंभरचं ३०१ मग आपोआप आलं. नियम तोच, पण मागच्यावरून पुढचं काढणं वेगळं आणि नंबरावरून थेट पद काढणं वेगळं. सगळा प्रकल्प या दोहोंमधल्या अंतरावर उभा करायचा असं ठरलं. (माझ्यासाठी : तक्ता देताना १, २, ३, ४ ओळीने कधीच द्यायचे नाहीत.)

१९ नोव्हेंबर, बुधवार

फरकांचा तक्ता शिकवला. मालिका लिहायची, खाली लगतच्या पदांतले फरक, त्याखाली फरकांचे फरक. पहिलीच ओळ सारखी आली तर नियमात नुसता ‘न’ (म्हणजे पदाचा नंबर) असतो. दुसरी ओळ सारखी आली तर ‘न × न’ आलाच. वर्गसंख्यांवर करून बघितलं : १, ४, ९, १६, २५, फरक ३, ५, ७, ९, पुन्हा फरक २, २, २. हे दहा मिनिटांत उरकलं.

खरी मजा रांगोळीने आणली. एकीच्या आजीची वही आहे, त्यात बऱ्याच पानांवर ‘१५ ते ८, मधले ठिपके’ असं लिहिलंय. म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली १४, १३ असं कमी करत ८ पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका मागच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. मी विचारलं, एकूण ठिपके किती? कुणी मोजायला बसण्याआधी म्हटलं, लहानपासून या. व्हरांड्यात खडूने काढलं : नुसता १, मग ३ ते २, ५ ते ३, ७ ते ४, ९ ते ५. मोजले तर १, ७, १९, ३७, ६१. फरक ६, १२, १८, २४. दुसरे फरक ६, ६, ६. बस, दुसरी ओळ सारखी! तक्ता तसाच पुढे ओढला : ९१, १२७, आणि आठवं पद १६९. वहीतली १५ ते ८ ही आठवीच. दोघींनी खात्रीसाठी वहीतले ठिपके मोजले, १६९ भरले.

आता थेट नियम. ‘न × न’ चे दुसरे फरक २ येतात, इथे ६ आलेत, म्हणजे ‘न × न’ तीनदा असणार. मालिकेतून ३ × न × न वजा केलं : १ मधून ३ गेले उणे २; ७ मधून १२ गेले उणे ५; १९ मधून २७ गेले उणे ८. उरलेली मालिका तीन तीनने उतरते, ती सोमवारच्या गिरणीचीच बहीण : उणे ३न अधिक १. दोन्ही जोडून झालं ३ × न × (न − १) + १. न ला ८ टाकून बघा : ३ × ८ × ७ + १ = १६९.

घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी शिपाईमामांनी व्हरांडा धुवायची धमकी दिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार (अमावास्या)

कालचं सूत्र आलं खरं, पण रांगोळीवालीने आज नेमकं विचारलं, “बाई, यात तीन कुठून आले? ठिपक्यांत दाखवा ना.” हाच प्रश्न मला हवा होता, आणि तो माझ्याकडून न येता आला हे जास्त चांगलं. तक्त्याने नियम मिळतो, पण तो का खरा आहे हे तक्ता सांगत नाही. पाच पदं जुळली म्हणून सहावं जुळेल याची हमी कोण देणार?

५ ते ३ ची रांगोळी घेतली, १९ ठिपके. मधला एक बाजूला ठेवला, उरले १८. तीन रंगांचे खडू दिले आणि सांगितलं, सारख्या आकाराचे तीन तुकडे करा. बराच वेळ खोडाखोड चालली. मग एकाला जमलं : मधल्या ठिपक्याभोवती भिंगरीच्या पात्यांसारखे तीन तिरके चौकोन, प्रत्येकात ३ ठिपक्यांच्या २ ओळी. ७ ते ४ ला तेच, ४ ठिपक्यांच्या ३ ओळी. म्हणजे ‘न’ गुणिले ‘न − १’, असे तीन, आणि मधला एक. सूत्र जमिनीवर दिसलं. आता शंभरावी रांगोळी न काढताही तिच्यात २९,७०१ ठिपके असणार हे छातीठोक सांगता येतं.

त्यातच एकाने दप्तरातून रुबिकचा क्यूब काढला. मी या पदांची चालती बेरीज करायला सांगितली होती : १, मग ८, मग २७, मग ६४. घनसंख्या! असं का, ते त्याच्या क्यूबमध्येच होतं. क्यूबचा एक कोपरा नाकासमोर धरा, तीन बाजू दिसतात. दिसणारे छोटे ठोकळे मोजा : १९. मागे दडलेले ८. एकूण २७. समोरून दिसणारी मांडणीही हुबेहूब ५ ते ३ च्या रांगोळीची. लहान घनावर रांगोळीचं एकेक साल चढवत गेलं की पुढचा घन तयार होतो. क्यूब हातोहात फिरला, दिवसभर सगळे एक डोळा मिटून कोपरा बघत होते.

दुपारी वेगळाच धागा हाती लागला. कोळीवाड्यातल्या मुलाने आजोबांचा नियम लिहून आणला : “तिथीची पाऊणपट घ्यायची, तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं.” चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. इकडे अलिबागकडे किनाऱ्यावर बऱ्याच जणांना हा माहीत असतो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारेही वापरतात. तिथी टाका, वेळ घ्या. ही तर आमची गिरणच! आणि त्या पिढीला पाऊणकी तोंडपाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळे पाढे घोकून घेतलेले. आमच्या मुलांना पाऊणने गुणायला मोबाईल लागतो.

तक्ता केला : प्रतिपदेला १२.४५, द्वितीयेला १.३०, तृतीयेला २.१५. फरक सगळीकडे ४५ मिनिटं, एकदम सरळ नियम. मग खालच्या टोकाशी गाडी अडली. अमावास्या म्हणजे १५, तिची पाऊणपट ११.१५. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रतिपदा, १२.४५. “म्हणजे एरवी रोज पाऊण तास आणि त्या एका रात्रीत दीड तास? समुद्राला डुलकी लागते काय?” हे आजोबांच्या नातवानेच विचारलं. तक्ता पुरा भरला म्हणूनच हे दिसलं.

दुरुस्ती मुलांनीच काढली. १५ तिथींत वेळ पुन्हा १२ वर यायला हवी, म्हणजे १२ तास १५ तिथींत वाटायचे. तिथीमागे ४८ मिनिटं. ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका, एक मुहूर्त! दिवसाचे मुहूर्त ३०, महिन्याच्या तिथी ३०. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

विज्ञानाच्या पुस्तकातल्या ५० मिनिटांचं काय, असं एकीने विचारलं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते हे खरंच आहे, पण ते एका भरतीपासून तिसऱ्या भरतीपर्यंतच्या २४ तास ५० मिनिटांमागचं. तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची, म्हणून तिच्या वाट्याला ४८.

२३ नोव्हेंबर, रविवार (तृतीया)

धक्क्यावर मोजणी. आजोबांचा नियम म्हणतो २.१५, मुलांचा म्हणतो २.२४.

पूर्ण भरतीचा क्षण नुसता बघून पकडता येत नाही. पाणी वर येऊन जे थबकतं ते बराच वेळ हलतच नाही. प्रत्येकाची वेळ वेगळी. म्हणून युक्ती केली. धक्क्याच्या पायऱ्यांपैकी वरची एक पायरी निवडली, तिच्या कडेला ऑइलपेंटने रेघ मारली. पाणी चढताना रेघेला कधी लागलं ती वेळ लिहायची, उतरताना रेघ कधी उघडी पडली ती वेळ लिहायची. दोहोंची बरोबर मधली वेळ म्हणजे भरतीचा माथा. लाटेमुळे रेघ सारखी ओली-कोरडी होत होती, तेव्हा ‘सलग तीन लाटा रेघेवरून गेल्या तरच लागलं म्हणायचं’ असा पोटनियम झाला. आज पाणी दोन्ही नियमांच्या आधीच वळलं.

नोंदवहीत वेळ, तिथी, वारा आणि लिहिणाऱ्याची सही. सही कशाला, असं विचारल्यावर अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगितली : मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाब्याची वेधशाळा इथे हलवली, आणि १९०४ पासून इथे नोंदी चालू आहेत. इतकी वर्षं टिकते ती नोंद कुणी, कधी, कशी घेतली हे लिहिलेली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. हजेरी अर्धीच, म्हणून हलकं काम काढलं, ते चांगलंच जड निघालं.

याच किनाऱ्यावर वर डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. देवळालीला शाळामास्तर होते, आणि ६१७४ या स्थिरांकासाठी जग त्यांना ओळखतं. त्यांच्या स्वयंभू संख्या घेतल्या. गिरण अशी : संख्या टाका, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२ टाकले की १२ + १ + २ = १५. प्रश्न उलटा आहे, खालून कधीच न निघणारी पीठं कोणती? १ ते १०९ सगळं दळून फरशीवर लिहिलं आणि न आलेल्या संख्यांना गोल केले : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८.

९ नंतर सगळीकडे फरक ११. मुलं टाळ्या देऊन मोकळी झाली, पुढची ११९! पण ११९ तर गिरणीतून निघते : १०९ + १ + ० + ९. आणि गोल पडतो ११० ला. फरक २. मग पुन्हा १२१, १३२ अशी अकरांची रांग. सगळा घोटाळा हातच्याचा : दशकाचे ९ संपून शतक चढलं की अंकांची बेरीज एकदम कोसळते आणि रांगेचा ताल चुकतो.

सलग नऊ वेळा ११ आलेले होते. रांगोळीच्या तक्त्यात तर जेमतेम चार फरक होते, तरी तिथे शंभरावं पद छातीठोक सांगितलं आणि इथे पुढचंच कोलमडलं. असं का, हे मी विचारायच्या आत रांगोळीवाली म्हणाली, “तिथे भिंगरी होती.” प्रदर्शनाच्या फलकावर हे दोन तक्ते शेजारी शेजारी लावायचे.

३० नोव्हेंबर, रविवार (दशमी)

सकाळी धक्क्यावर. आजोबांचा नियम ७.३०, मुलांचा ८.००. आज उलटा प्रकार : आठ वाजून गेले तरी पाणी चढतंच होतं, रेघ उघडी पडायला बराच उशीर झाला. तृतीयेला समुद्र नियमाच्या पुढे, दशमीला मागे.

हे असंच असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात रोजचा फरक सरासरीपेक्षा कमी, अष्टमीच्या भांगात (कमी जोराच्या भरतीत) जास्त, कारण सूर्याची ओढ चंद्राच्या भरतीला कधी पुढे सरकवते, कधी मागे. म्हणजे फरकांची पहिली ओळ सारखी नाहीच. सरळ नियम हा या वाकड्या ओळीवर ठेवलेली पट्टी आहे. शिवाय तिथीही सारखी नसते, साधारण २० ते २७ तासांत कमी-जास्त होते. मग मुलांना आजोबांचा नियम नव्याने दिसला. उधाणाच्या दिवसांत, जिथे पावलं लहान असतात, तिथे ४८ पेक्षा ४५ च जवळचं ठरतं. आणि तोंडी करायला सोपं. मला विचाराल तर होडी काढायला पाऊणपट घ्यावी आणि तक्ता पूर्ण करायला चार पंचमांश.

खाडीच्या आतल्या गावाहून येणारीने सांगितलं, तिच्याकडे भरती नेहमीच उशिरा पोचते. तिनेही तिथल्या पायरीवर रेघ मारली आहे. तिच्या नोंदी आल्या की नियमात एक स्थिर संख्या वाढेल : ४८ × तिथी, अधिक त्या जागेची मिनिटं. पाया वेगळा, चढण तीच.

४ डिसेंबर, गुरुवार (पौर्णिमा)

दोन गिरणी एकामागे एक लावल्या. पहिली तिथीवरून भरती देते, दुसरी भरतीत साधारण सव्वासहा तास मिळवून ओहोटी देते. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर दुसरीचं पीठ हवं. क्रम बदलून बघितला, अर्थातच भलतंच आलं. सव्वासहाला तिथी समजून कोण गुणणार? पण पहिल्या दिवसाच्या ‘तीनने गुणा, एक मिळवा’ गिरणीवरही करून बघितलं : ५ चे १६ होतात, आधी एक मिळवला तर १८. हे सगळ्यांनी न सांगता वहीत उतरवलं.

९ डिसेंबर, मंगळवार

मराठीच्या सरांनी तास दिला, लघु-गुरू. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा किती प्रकारे भरता येतात? पाच. पाच मात्रा? आठ. १, २, ३, ५, ८, १३. शेवटचं अक्षर लघू असेल तर मागे एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी, म्हणून मागच्या दोन पदांची बेरीज. विरहांक आणि १२व्या शतकातले हेमचंद्र यांनी हे छंदांसाठी मांडलं होतं. ही मालिका ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं, म्हणजे नंतरचं.

इथे फरकांचा तक्ता हात टेकतो. फरक काढा, तीच मालिका पुन्हा खाली उतरते, कितीही ओळी लिहा. थेट नियम आहे, पण त्यात ५ चं वर्गमूळ येतं, तो दहावीनंतर. मुलांना मागच्यावरून पुढचं जाण्यातच समाधान मानावं लागलं, आणि एकदोघांना ते अजिबात आवडलं नाही.

६ जानेवारी २०२६, मंगळवार

प्रदर्शन झालं. टेबलावर चार गोष्टी : ठिपक्यांची तिरंगी भिंगरी, रुबिक, कापरेकरांची फरशी (कागदावर), आणि भरतीचं कार्डबोर्डचं चक्र, तिथीवर काटा फिरवला की वेळ दिसणारं. चक्र केलं ते बरं झालं. १५ नंतर पुन्हा १ हे वेगळं सांगावंच लागत नाही. परीक्षकांपैकी एक बाई भिंगरीपाशी बराच वेळ थांबल्या आणि त्यांनी ठिपक्यांऐवजी गोट्या ठेवून भरीव आकृती करायला सांगितली, तिचा नियम काय येईल म्हणून. एका काकांनी चक्र फिरवून बघितलं आणि त्यांच्या बंदरात ही वेळ जुळत नाही म्हणाले. रत्नागिरीकडचे होते. नातवाने लगेच नोंदवही पुढे केली : “तुमच्याकडची अमावास्येची वेळ सांगा, काका, तेवढीच लागते.”

चक्राखाली आता पट्टी चिकटवली आहे : ‘फक्त आमच्या धक्क्यापुरतं. चूक अर्धा-पाऊण तास.’

राहिलेलं काम : खाडीच्या आतल्या पायरीच्या नोंदींवरून मधल्या वेळा काढून लावणे. गोट्यांचा प्रश्न. १८ जानेवारीला पौष अमावास्या रविवारी येतेय, माथा दुपारच्या सुमाराला. साडेदहाला सगळ्यांनी धक्क्यावर, ऑइलपेंटचा डबा ज्याच्याकडे आहे त्याने आठवणीने आणावा, पायरीवरची रेघ पुसट झाली आहे.